तेरा सेकंद आणि तीन कोटी डॉलर : बफेलो बिल्सच्या ऑफसीझन भांडणाची पार्श्वभूमी

२६ जानेवारी २०२५ च्या रात्री बफेलो बिल्स कॅन्सस सिटीत सेमीफायनल ३२-२९ अशी हरले. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बफेलो २२-२१ ने पुढे होतं. फोर्थ डाउनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, एक यार्ड हवा होता. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) जॉश ॲलन स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि पंचांनी तो किंचित कमी पडल्याचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पश्चिम न्यूयॉर्कमधल्या रेडिओवर, बारमध्ये, ऑफिसात तीनच विषय होते : तो यार्ड मिळाला होता की नाही, आपला कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्यांना अडवणारा बचावपटू) इतका कच्चा का होता, आणि मार्चमध्ये कुणाला आणायचं. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र बरीचशी आधीच लिहिलेली होती, काही २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत), काही २०२४ च्या हिशेबात. चाहते भांडतात कालच्या सामन्यावरून, पण संघाकडे खर्चाला उरलेला पैसा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या निर्णयांनी ठरलेला असतो. ही गोष्ट नेमकी कधी आणि कशी सुरू झाली, ते पाहायला १९९० च्या दशकात जावं लागतं.

(फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, आणि लीग म्हणजे एनएफएल. लंबगोल चेंडू, ५३ जणांचा चमू, आणि एक सामना हरला की प्लेऑफ संपला.)

बफेलोचा सुवर्णकाळ आणि त्याची जखम एकच आहे : जानेवारी १९९१ ते जानेवारी १९९४ या काळात सलग चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, आणि चारही हरलेले. पहिला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध २०-१९. शेवटी स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. संघ परत आल्यावर नायगारा स्क्वेअरमध्ये जमलेल्या गर्दीने नॉरवूडच्याच नावाचा गजर केला, हे बफेलोबाहेरच्यांना अजून समजत नाही. त्यानंतर वॉशिंग्टन ३७-२४, डॅलस ५२-१७, पुन्हा डॅलस ३०-१३.

आजचा चाहता विचारतो, चार वेळा हरूनही तो संघ पुन्हा पुन्हा तिथवर पोहोचला कसा? जिम केली, ब्रूस स्मिथ, थर्मन थॉमस, आंद्रे रीड, प्रशिक्षक मार्व्ह लीव्ही ही सगळी नावं खरीच मोठी. पण खेळाडूंना सोडून जाण्याची वाट जवळजवळ बंद होती, हेही तितकंच मोठं कारण आहे. १९६३ पासून ‘रोझेल नियम’ होता : करार संपलेला खेळाडू दुसरीकडे गेला तर नव्या संघाने जुन्याला भरपाई द्यायची, आणि ती किती हे लीगचा आयुक्त ठरवणार. अशी अनिश्चित किंमत कोण मोजेल? १९७६ मध्ये जॉन मॅकी या खेळाडूच्या खटल्यात हा नियम कोर्टात टिकला नाही, तरी मोकळीक आली नाही. १९८९ मध्ये आलेल्या ‘प्लॅन बी’नुसार प्रत्येक संघ आपले ३७ खेळाडू राखून ठेवू शकत होता. मोकळे व्हायचे ते त्यांच्या खालचे. म्हणजे केलीला किंवा स्मिथला कुणी पळवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे हरल्यावर चर्चा असायची ती ड्राफ्टची आणि प्रशिक्षकाची. पैशाची नाही.

सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने जेट्सचा रनिंग बॅक फ्रीमन मॅकनील आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात प्लॅन बी बेकायदा ठरवला. १९९३ च्या सुरुवातीला लीग आणि खेळाडू यांच्यात समझोता झाला : खेळाडूंना खरी फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याची मुभा, आणि मालकांना पगाराची कमाल मर्यादा. बफेलोला याचा पहिला फटका त्याच वसंतात बसला. लेफ्ट टॅकल विल वॉलफर्ड, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीचा राखणदार, इंडियानापोलिसने उचलला. बिल्सना बरोबरीची ऑफर देऊन त्याला ठेवण्याचा हक्क होता, पण इंडियानापोलिसने करारात अट घातली होती की वॉलफर्ड संघातला सर्वाधिक पगाराचा आक्रमक खेळाडू राहील. इंडियानापोलिसमध्ये ती अट फुकटची होती. बफेलोत तिचा अर्थ केलीपेक्षा जास्त पगार, दरवर्षी. लाइनबॅकर शेन कॉनलनही त्याच वर्षी रॅम्सकडे गेला, आणि संघ बांधणारा जनरल मॅनेजर बिल पोलियन याला मालकाने काढलं. १९९४ मध्ये पहिली सॅलरी कॅप आली : प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर. त्याच मोसमात बिल्स ७-९ वर आले आणि प्लेऑफबाहेर राहिले. वय हेही कारण होतंच, पण हा योगायोग जुन्या चाहत्यांच्या मनातून गेलेला नाही.

कॅप म्हणजे काय हे मराठी वाचकाला आयपीएलच्या लिलावातल्या ‘पर्स’वरून पटकन कळेल, पण एक फरक मोठा आहे. आयपीएलमध्ये ठरलेली रक्कम त्या वर्षाच्या पर्समधून जाते आणि विषय संपतो. इथे बोनसचे पैसे खेळाडूला आज मिळतात, आणि हिशेबात ते कराराच्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच वर्षांत, सारखे वाटले जातात. सगळी गंमत आणि सगळी फसगत या एका नियमात आहे.

उदाहरण घ्या. एका खेळाडूचा यंदाचा पगार २ कोटी डॉलर. संघाने त्यातले दीड कोटी बोनस म्हणून आजच देऊन टाकले. खेळाडूचं काहीच बिघडत नाही, उलट पैसे लवकर आले. हिशेबात यंदा ५० लाख पगार आणि बोनसचा पाचवा हिस्सा ३० लाख, असे एकूण ८० लाख. म्हणजे यंदा १ कोटी २० लाखांची जागा मोकळी झाली, आणि पुढची चार वर्षं दरसाल ३० लाख जास्तीचे लागले. याला ‘रिस्ट्रक्चर’ म्हणतात. आता दोन मोसमांनंतर त्याचा गुडघा गेला आणि त्याला सोडायचं ठरलं, तर उरलेले तीन हिस्से, ९० लाख, एकदम त्याच वर्षावर येऊन बसतात. खेळाडू नाही, पण पैसे मोजले जातात. हेच ते ‘डेड मनी’. १ जूननंतर सोडलं, किंवा आधी सोडून तशी नोंद केली (ही सवलत वर्षाला दोनच खेळाडूंसाठी), तर ३० लाख यंदा आणि ६० लाख पुढच्या वर्षी. मात्र अशी नोंद केली की वाचलेले पैसे हातात येतात जूनमध्ये, आणि चांगले फ्री एजंट संपतात मार्चमध्ये.

चाहत्यांच्या गणितात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘याला काढा, २ कोटी वाचतील’ म्हणणारा डेड मनी धरत नाही. धरला तरी हे विसरतो की ऑफसीझनमध्ये, म्हणजे दोन मोसमांच्या मधल्या काळात, फक्त सर्वांत महागडे ५१ खेळाडू मोजले जातात, त्यामुळे एक गेला की बावन्नावा वर सरकतो आणि त्याचा पगार धरावा लागतो. तिसरी चूक ‘व्हॉइड इयर्स’ची. करार दोन वर्षांचा, पण कागदावर आणखी तीन खोटी वर्षं जोडायची, म्हणजे बोनस पाचांत वाटता येतो. करार संपला की त्या खोट्या वर्षांचे हिस्से एका झटक्यात पुढच्या मोसमावर येतात. २०२१ मध्ये कोरोनाने रिकाम्या पडलेल्या स्टेडियममुळे कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली, तेव्हा लीगभर या युक्तीची चलती झाली. नंतर कॅप झपाट्याने चढली, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख, आणि ‘कॅप हे थोतांड आहे’ असं म्हणणारा एक पंथच तयार झाला. तो अर्धा बरोबर आहे. पैसे पुढे ढकलता येतात, बुडवता येत नाहीत.

बफेलोने मधली १७ वर्षं प्लेऑफ पाहिलाच नाही. ८ जानेवारी २००० ला टेनेसीकडून २२-१६ असा हरला, त्यानंतर थेट ३१ डिसेंबर २०१७ ला दुष्काळ संपला, तोही सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने फोर्थ-अँड-१२ वर ४९ यार्डांचा टचडाउन टाकून बाल्टिमोरला हरवलं म्हणून. बिल्सच्या चाहत्यांनी डाल्टनच्या संस्थेला १७-१७ डॉलरच्या देणग्या पाठवल्या. सतरा वर्षांचे सतरा.

दुष्काळ संपण्याआधीच्या एप्रिलमध्ये एक व्यवहार झाला होता, आणि आजच्या प्रत्येक वादात तो कुठून तरी डोकावतोच. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये बिल्सनी आपला दहावा क्रमांक, म्हणजे दहाव्या निवडीचा हक्क, कॅन्सस सिटीला दिला. बदल्यात २७ वा, तिसऱ्या फेरीतला एक, आणि २०१८ च्या पहिल्या फेरीतला क्रमांक. दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स घेतला. २७ व्यावर बिल्सनी कॉर्नरबॅक ट्रेडेव्हियस व्हाइट. ड्राफ्ट संपताच जनरल मॅनेजर बदलला आणि ब्रँडन बीन आला. २०१८ मध्ये त्याने २१ वरून १२, आणि १२ वरून ७ अशा दोन उड्या मारून जॉश ॲलन मिळवला. डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याच्या काळापासून चालत आलेल्या गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण असतात, सातव्याला १५००. बफेलोने दिलेले १२, ५३ आणि ५६ मिळून होतात १९१०. तक्त्याने हा तोट्याचा सौदा. क्वार्टरबॅकसाठी लीगमध्ये कुणीच तक्ता पाळत नाही.

उडी मारणं परवडलं याचं कारण लीग आणि खेळाडू यांच्यातला २०११ चा करार. त्याआधी पहिल्या क्रमांकाचा नवखा खेळाडू जुन्या दिग्गजांपेक्षा महाग पडायचा : २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख मिळाले, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. तेव्हापासून नवख्यांचा पगार क्रमांकानुसार ठरलेला असतो, आणि ‘क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवर बाकी सगळं विकत घ्या’ हा विचार रूढ झाला. चाहते ज्याला ‘विंडो’ म्हणतात ती हीच. बफेलोत ॲलनचा २५ कोटी ८० लाखांचा करार ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. विंडो तिथे बंद झाली नाही, पण चौकट आखडली.

आता पराभव एकेक करून पाहा, आणि त्यानंतरचा मार्च-एप्रिल.

जानेवारी २०२०, ह्यूस्टनविरुद्ध १६-० ने पुढे असताना ओव्हरटाइममध्ये २२-१९ पराभव. तक्रार : ॲलनला चेंडू टाकायला कुणी नाही. उत्तर : मिनेसोटाकडून रिसिव्हर (चेंडू झेलणारा) स्टीफन डिग्ज, बदल्यात २२ व्या क्रमांकासह चार ड्राफ्ट क्रमांक. पहिल्याच मोसमात डिग्जने १२७ झेल आणि १५३५ यार्ड, लीगमध्ये अव्वल. हे उत्तर बरोबर होतं. मिनेसोटाने त्या २२ व्यावर जस्टिन जेफरसन घेतला, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनाही कुरकुर करायला जागा उरली नाही. दोन्ही बाजू जिंकलेला व्यवहार क्वचित होतो.

जानेवारी २०२१, कॅन्सस सिटीत ३८-२४. तक्रार : महोम्सपर्यंत कुणी पोहोचतच नाही. उत्तर : पहिल्या दोन फेऱ्यांत दोन पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे बचावपटू), ३० वर ग्रेग रूसो आणि ६१ वर बूगी बॅशम. पहिला टिकला, दुसऱ्याला दोन वर्षांनी जायंट्सकडे पाठवलं.

२३ जानेवारी २०२२, पुन्हा कॅन्सस सिटी. तेरा सेकंद उरले असताना बिल्स ३६-३३ ने पुढे. किकऑफ थेट शेवटच्या क्षेत्रात गेला, म्हणून घड्याळातला एक सेकंदही खर्ची पडला नाही. मग टायरिक हिलला १९ यार्ड, ट्रॅव्हिस केल्सीला २५, आणि किकर बटकरच्या ४९ यार्डांच्या किकने बरोबरी. ओव्हरटाइममध्ये नाणेफेक चीफ्सनी जिंकली, टचडाउन केला, ४२-३६, आणि ॲलनच्या हातात चेंडू आलाच नाही. बफेलोत नुसतं ‘१३’ म्हटलं तरी पुरतं. दोन महिन्यांत मालकांनी २९-३ मतांनी प्लेऑफचा ओव्हरटाइम नियम बदलला, दोन्ही संघांना चेंडू मिळेल असा. गंमत म्हणजे २०१९ मध्ये न्यू इंग्लंडकडून असंच हरल्यावर हाच बदल कॅन्सस सिटीने सुचवला होता, तेव्हा तो मंजूर झाला नाही.

संघाचं उत्तर मात्र मागच्याच वर्षीच्या तक्रारीचं होतं, फक्त महाग : तेहतिशीचा व्हॉन मिलर, सहा वर्षं, १२ कोटी डॉलरपर्यंत. त्याने ११ सामन्यांत ८ सॅक केले (म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं) आणि थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. पुढच्या मोसमात १२ सामने, शून्य सॅक. ड्राफ्टमध्ये २५ वरून २३ वर जाऊन कॉर्नरबॅक कायर ईलम घेतला. हे नाव लक्षात ठेवा.

२०२३ मध्ये बर्फात घरच्या मैदानावर सिनसिनाटीकडून २७-१०, आणि मग टाइट एंड डाल्टन किंकेड आणि गार्ड ओसायरस टॉरेन्स. त्याबद्दल फार भांडण झालं नाही.

खरा धुरळा २०२४ चा. २१ जानेवारीला पुन्हा कॅन्सस सिटी, या वेळी बफेलोच्या घरच्या मैदानावर, ऑर्चर्ड पार्कमध्ये, २७-२४. टायलर बासची ४४ यार्डांची किक पुन्हा उजवीकडून बाहेर. पण मार्चमध्ये जे झालं त्याचा त्या किकशी काही संबंध नव्हता. डिग्ज, मिलर, ॲलन यांचे करार आणि २०२१ पासूनची रिस्ट्रक्चर यांचं बिल थकलं होतं. ६ मार्चला एकाच दिवशी सेंटर मिच मोर्स, सेफ्टी जॉर्डन पोयर, ट्रेडेव्हियस व्हाइट आणि आणखी काही जण गेले. मायका हाइडचा करार संपला, गेब डेव्हिस जॅक्सनव्हिलला. आणि ३ एप्रिलला डिग्ज ह्यूस्टनला, २०२५ च्या दुसऱ्या फेरीच्या क्रमांकाच्या बदल्यात.

या व्यवहाराचा हिशेब अजून अनेकांना चुकीचा ठाऊक आहे. डिग्जला ठेवला असता तर कॅपवर साधारण २ कोटी ७८ लाख पडले असते. त्याला घालवून पडले ३ कोटी १० लाखांच्या वर. वाइड रिसिव्हरच्या डेड मनीचा तेव्हाचा विक्रम. जूनची सवलत इथे का घेतली नाही? कारण ती नोंद फक्त सोडलेल्या खेळाडूला लागू होते. ट्रेडमध्ये खेळाडू खरोखर १ जूननंतर जावा लागतो. बीनने सगळं ओझं एकाच वर्षावर घेतलं आणि २०२५ मोकळं केलं. माझ्या मते मागच्या पाच वर्षांतला हा त्याचा सर्वांत शिस्तीचा निर्णय, आणि त्या एप्रिलमध्ये सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला. शिव्यांना भर पडली ड्राफ्टमध्ये : २८ वा क्रमांक त्याने खुद्द कॅन्सस सिटीला दिला आणि त्यांनी वेगाचा राजा झेव्हियर वर्दी घेतला. नऊ महिन्यांनी त्याच वर्दीने सेमीफायनलमध्ये बिल्सविरुद्ध टचडाउन केला.

ड्राफ्टच्या चर्चेत एक साधी गोष्ट नेहमी सुटते : प्लेऑफमध्ये जितकं पुढे जाल तितका क्रमांक मागे. पहिल्या फेरीत हरणाऱ्यांना १९ ते २४, दुसरीत २५ ते २८, सेमीफायनल हरणाऱ्या दोघांना २९ आणि ३०. बफेलोचे क्रमांक बघा : ३०, २५, २७, २८, ३०. त्या तक्त्यात तिसाव्या क्रमांकाला ६२० गुण. ‘पहिल्या दहात शिरा आणि रिसिव्हर घ्या’ म्हणणाऱ्याने दहाव्याचे १३०० गुण कुठून आणायचे तेही सांगावं.

तसंच फ्री एजंटचं. करार संपून गेलेले खेळाडू जास्त आणि आणलेले कमी, तर लीग पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीत भरपाईचे क्रमांक देते, जास्तीत जास्त चार. पण दुसऱ्या संघाने काढून टाकलेला खेळाडू आणला तर तो या हिशेबात धरला जात नाही. २०२५ मध्ये जोई बोसाला चार्जर्सनी सोडलं आणि बिल्सनी एका वर्षासाठी १ कोटी २६ लाखांना घेतलं, तेव्हा ‘म्हातारा, दुखापतींचा, महाग’ अशी ओरड झाली. महाग होता, पण त्याच्यासाठी भरपाईचा एकही क्रमांक जाणार नव्हता.

तर तो २०२५ चा वसंत. ॲलनचा नवा करार, सहा वर्षं, ३३ कोटी, त्यातले २५ कोटी हमीचे. रूसो, शकीर, बर्नार्ड, बेनफर्ड या आपणच ड्राफ्ट केलेल्यांना मुदतवाढ. मिलरला निरोप. सेमीफायनलमध्ये कॉर्नरबॅक बेनफर्ड डोक्याच्या माराने बाहेर गेल्यावर त्याच्या जागी कायर ईलम आला होता, आणि महोम्सने पुन्हा पुन्हा त्याच्याच बाजूला चेंडू टाकला होता. मार्चमध्ये ईलम डॅलसला गेला, आणि तिसाव्या क्रमांकावर बिल्सनी परत एक कॉर्नरबॅक घेतला, केंटकीचा मॅक्सवेल हेअरस्टन. पण नवख्याच्या भरवशावर मोसम काढता येत नाही, म्हणून एप्रिलमध्ये एका वर्षासाठी जुना माणूसही परत बोलावला : ट्रेडेव्हियस व्हाइट, महोम्सच्या बदल्यात आलेला तो २७ वा क्रमांक. त्याला २०२४ मध्ये १ जूनच्या सवलतीने सोडलं होतं, त्यामुळे २०२५ च्या बफेलोच्या कॅपमध्ये त्याचं नाव दोनदा होतं. एकदा नव्या पगारासाठी, आणि एकदा डेड मनीच्या रकान्यात.